मामांची विहीर आणि कुडलची तुळई

सोलापूरचं ऊनच दगड फोडतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते खरंही वाटतं. भुईकोटाच्या तटातून उगवलेला पिंपळ आणि त्याच्या मुळ्यांनी सरकवलेले चिरे पाहिले की वाटतं, ऊन नाही तर झाड तरी गुन्हेगार असणारच. यंदा दिवाळीनंतर मंद्रूपजवळ मामांच्या रानात गेले आणि कळलं, खरा चोर तिसराच आहे.

मामांनी नवी विहीर काढायला घेतली होती. यारी लावलेली, खाली दोघं गडी. मी काठावर ओणवी झाले तर मामा ओरडले, "ए ताई, मागं सर की! कड कच्ची हाय." मागं सरले, पण दिसायचं ते दिसलं होतं. वर पुरुषभर काळी माती, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. खाली पिवळट मुरूम, त्याखाली गोट्यागोट्यांचा कच्चा खडक आणि तळाला काळा पाषाण. मी इतकी वर्षं या चौघांना वेगवेगळं समजत होते. निघाले एकाच घरातले: ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थिजलेल्या लाव्ह्याचा बसाल्ट, खालून वर चढत जाणारा, कणाकणानं माती होत आलेला.

मामांनी ढिगाऱ्यातला नारळाएवढा गोटा उचलला आणि नखानं सोलायला लागले. अक्षरशः कांद्यासारखा! वरची तांबूस पापडी निघाली, तिच्याखाली पिवळी, मग करडी. आत मुठीएवढा काळा गर उरला. त्यावर हातोडी मारली तर टणकन वाजला.

याचं कोडं सोपं आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात, खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. चिरांतून पाणी झिरपतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आंबट झालेलं असतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी भिडतं, कडेला दोन, सपाट अंगाला एकाच. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनाचा गोटा होतो. दगडातलं लोह गंजतं, तो तांबूस-पिवळा रंग त्याचाच. फेल्डस्पार या दगडातल्या खनिजाची चिकणमाती होते, ती फुगते आणि पापुद्रे सुटतात.

म्हणजे खडक उन्हात जितका झिजतो, त्याहून जास्त जमिनीखाली, ओलीत झिजतो. आणि पाऊस किती, यावर शेवटी काय हाती लागेल ते ठरतं. याच बसाल्टवर महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो, तिथं चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन जातं आणि लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा उरतो. आमच्याकडे पाऊस जेमतेम, त्यामुळे चुना वाहून न जाता खाली खडे धरून बसतो आणि वर ओल धरणारी काळी माती राहते. पाऊस सरल्यावर त्या ओलीवरच शाळू उभा राहतो. दुष्काळी, दुष्काळी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मालदांडी ज्वारीची भाकरी खाताना एवढं आठवावं.

दुपारी मामांना घेऊन हत्तरसंग कुडलला गेले. भीमा-सीनेचा संगम. बहुमुखी लिंगाची ३५९ मुखं मोजायचा नाद मी चाळिसाच्या आसपास सोडला. खरं पाहायचं होतं ते संगमेश्वराच्या देवळातल्या दगडी तुळईवरचं शके ९४० चं, म्हणजे इ. स. १०१८ चं मराठी लेखन. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी हा एक. अक्षरांवर टॉर्च तिरकी धरली तर खाचा स्पष्ट उठतात. हजार वर्षं झाली!

सकाळी नखानं सोललेला दगड आणि हा, जात एकच. पण हा पाथरवटानं निवडलेला, बिनचिरेचा, टाकीनं घडवलेला. पाऊस पडला तरी पाणी ओघळून जातं, मातीसारखं अंगाला चिकटून बसत नाही. मामांनी खांबावर बोटाची गाठ वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "ह्यो पाषाण. आपल्या हिरीत असला लागला तर सुरुंगाचा खर्च निघंना बघ."

तसलाच एक न सोललेला गोटा मी पिशवीत घालून पुण्याला आणला. गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवलाय. रोज पाणी घालताना त्याच्यावरही उडतं आणि आठवड्याला फरशीवरून चिमूटभर पिवळा भुगा पुसावा लागतो.