‘माझा प्रवास’ वाचन-नोंद ७ : झाशी महिनाभर उशिरा का पडत होती?

मंडळी, गोडसे भटजींनी १८५७-५८ च्या बंडाच्या काळातला आपला उत्तरेचा प्रवास ‘माझा प्रवास’ या पुस्तकात सांगितला आहे आणि तो आपण मिळून वाचतो आहोत. मागच्या नोंदीच्या शेवटी मी ‘पुढच्या वेळी काल्पी गाठू’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात गेले तीन आठवडे मी झाशीतच अडकून पडले होते. काल रात्री वाट सापडली, म्हणून रविवारची वाट न पाहता आजच लिहायला बसले आहे.

आपली पद्धत जुन्या सदस्यांना ठाऊक आहेच. गोडसे भटजी वरसईहून काकांबरोबर निघाल्यापासून गंगेची कावड घेऊन घरी परतेपर्यंतच्या प्रत्येक मुक्कामाचे एक कार्ड मी करते. कार्डावर आधी तिथी लिहायची, मग जंत्रीवरून, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी-शेजारी देणाऱ्या कोष्टकावरून, इंग्रजी तारीख काढायची आणि इंग्रजी साधने अगदी शेवटी, पडताळ्यापुरती उघडायची, असा नियम मी पहिल्या नोंदीपासून पाळला आहे. भटजींच्या मजकुरात तिथी मिळत नाही तिथे बुंदेलखंडाच्या इतिहासावरील एका हिंदी पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सनावळीचा आधार मी घेत होते. घोटाळा झाला तो इथेच, पण हे कळायला तीन आठवडे गेले.

झाशीच्या तटावर इंग्रजी फौज चढली तो काळ त्या सनावळीत वैशाख कृष्ण पक्षाचा पूर्वार्ध असा दिला आहे. मी जंत्रीत शके १७८० चे पान उघडले, वैशाख वद्य पाहिले आणि कार्डावर ‘मे १८५८ चा आरंभ’ असे शाईने लिहून टाकले. पुढची कार्डे मांडताना मात्र मांडणी जुळेना. कूंच गावाजवळची इंग्रजांशी लढाई ७ मे १८५८ ची. राणी झाशीतून रात्री निसटली, काल्पीला पोचली, तिथे पेशव्यांच्या फौजेला मिळाली आणि मग कूंचला आली, हे सारे चार-पाच दिवसांत बसवायचे कसे? टेबलावर कार्डे ओळीने लावली की झाशी आणि कूंच यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नव्हती. अखेर पडताळ्याची साधने उघडली, तर चढाईची सर्वमान्य तारीख ३ एप्रिल १८५८ निघाली. म्हणजे माझी झाशी तब्बल एक महिना उशिरा पडत होती.

पहिला संशय मी स्वतःच्या बेरजेवर घेतला, दुसरा जंत्रीच्या छपाईवर. मोबाइलवरच्या पंचांगातही तीच तिथी घालून पाहिली आणि उत्तर तेच आले. मग, हे लिहिताना मनाला लागते, मी भटजींच्या स्मरणावर संशय घेतला. त्यांनी हा वृत्तान्त घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला, तेव्हा त्यांचा क्रमच कुठेतरी चुकला असावा, असे टिपण मी वहीत केलेही होते. ते टिपण मी आता खोडले आहे. या प्रकरणात भटजींचा काहीही दोष नव्हता.

उलगडा झाला तो ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहणाऱ्या माझ्या मावशीमुळे. फोनवर बोलता बोलता मी ही अडचण सांगितली, तेव्हा ती सहज म्हणाली, “अगं, आमच्या घरी गोकुळाष्टमी श्रावणातली आणि शेजारणीकडे भादव्यातली. पाळणा मात्र दोघींचा एकाच रात्री हलतो.” मी फोन तसाच कानाशी धरून जंत्री उघडली.

आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुद्ध पक्षाला दोन्हीकडे एकच नाव असते. वद्य पक्ष आला की उत्तरेतले नाव आपल्या एक महिना पुढे गेलेले असते. आपला माघ वद्य म्हणजे त्यांचा फाल्गुन कृष्ण, म्हणून महाशिवरात्र आपल्याला माघात सापडते आणि त्यांना फाल्गुनात. हाच न्याय लावला तर हिंदी सनावळीतला वैशाख कृष्ण म्हणजे आपला चैत्र वद्य. १८५८ साली १५ मार्चला अमावास्या होती, त्या दिवशी सूर्यग्रहणही होते. तिथून मोजले तर चैत्री पौर्णिमा मार्चच्या शेवटी येते आणि ३ एप्रिल चैत्र वद्याच्या पहिल्या आठवड्यात बसतो. झाशीचे कार्ड मी उचलून महिनाभर अलीकडे ठेवले आणि काल्पीचा रस्ता मोकळा झाला. रात्री साडेअकराला एकटीनेच टाळी वाजवली, हेही नोंदवून ठेवते.

तेवढ्यावर झोपायला हवे होते, पण त्याच पानावर दुसरा खड्डा दिसला. शके १७८० मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे ज्येष्ठ दोनदा येतो : आधी अधिक (जादा) आणि मग निज (नेहमीचा). राणीचा ग्वाल्हेरजवळ अंत झाला तो १८५८ च्या जून महिन्यात, म्हणजे निज ज्येष्ठाच्या शुद्ध पक्षात. नुसता ‘ज्येष्ठ शुद्ध’ वाचून कोणी अधिक ज्येष्ठाचा रकाना पाहिला, तर तारीख मे महिन्यात जाते, जेव्हा काल्पीसुद्धा अजून पडलेली नव्हती. उत्तरेच्या गणनेत तर आणखी एक पेच आहे : त्यांच्याकडे निज ज्येष्ठाचा कृष्ण पक्ष आधी येतो, मग पुरा अधिक महिना आणि त्यानंतर निज ज्येष्ठाचा शुद्ध पक्ष. एकाच महिन्याच्या दोन अर्ध्यांमध्ये दुसरा महिना बसलेला असतो. आपल्यापैकी जे १८५७-५८ वरील हिंदी पुस्तके वाचत आहेत, त्यांनी कृष्ण पक्ष दिसला की पेन्सिल थांबवावी आणि आधी लेखक कोणता महिना मोजतो ते पाहावे.

साधनांबद्दल दोन शब्द. मोबाइलवरचे पंचांग चटकन उत्तर देते, पण माझ्याकडच्या पंचांगात महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) की पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) हे सेटिंगच्या आत दडलेले होते आणि ते मी कधी उघडून पाहिले नव्हते. छापील जंत्रीत आधीचा आणि पुढचा पक्ष डोळ्यांसमोर राहतो, म्हणून या कामासाठी मी मोडकांची जंत्रीच वापरण्याचा आग्रह धरीन. ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून तिची १८५७ ते १८५९ ची पाने मी हाताने उतरवून घेतली. चार दुपारी गेल्या, पण अधिक महिना डोळ्यांत भरला तो त्या उतरवण्यामुळेच.

नव्या सदस्यांनी प्रतीविषयी विचारले आहे. पैसे देण्यापूर्वी संपादकाचे नाव विचारा. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले तेव्हा भाषेत फेरफार केले आणि काही मजकूर गाळला. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून पाठ दिला. मी एका विक्रेत्याकडे पोतदारांची प्रत स्पष्ट शब्दांत मागितली होती, तरी टपालाने आली ती जुन्या पाठाचे पुनर्मुद्रण. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचण्यात आनंद आहे, मात्र आपण कोणता वाचतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

आता पुढचा बेत. काल्पीनंतर पारसनिसांनी १८९४ साली लिहिलेले राणीचे चरित्र घ्यायचे, असे आपण ठरवले होते. मला थोडे थांबावेसे वाटते. झाशीची कार्डे हलवताना लुटीचे प्रकरण पुन्हा वाचले आणि तिथल्या ग्रंथालयाचा नाश वाचताना पुढे जाववेना. घरेदारे जळताना पाहणारा हा वैदिक ब्राह्मण ग्रंथांसाठी वेगळा शोक करतो. पुढच्या रविवारी तेवढा भाग दोन्ही पाठांतून मोठ्याने वाचावा, असे मी सुचवते. ठाण्याच्या ताई सध्या अमृतलाल नागरांचा ‘आँखों देखा गदर’ हा याच पुस्तकाचा हिंदी अनुवाद वाचत आहेत. त्यांनी तोच भाग हिंदीतून वाचला तर तीन पाठ एकत्र ऐकता येतील. हे लिहिता लिहिता आणखी एक सुचले : पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी कापून तिच्या एका बाजूला आपले पक्ष आणि दुसऱ्या बाजूला उत्तरेतले पक्ष लिहावेत, म्हणजे ती वाचनखूण म्हणून पुस्तकातच राहील. रविवारी प्रत्येकासाठी एकेक आणते.

काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीचे कार्ड अजून पुरे झालेले नाही. तहानलेली राणी तिथे भटजींना पाणी काढू देत नाही, दोर स्वतःच्या हातात घेते. त्या पहाटेची तारीख मी सध्या पेन्सिलीनेच लिहिली आहे.