तंबाखूच्या गावातून चहा पाठवताना

आमचं चहापुडीचं दुकान निपाणीत माझ्या आजेसासऱ्यांनी घातलं. आसामची ममरी, म्हणजे दाणेदार चहा, आणि निलगिरीची भुकटी आणायची, दोन्ही आपल्या अंदाजानं मिसळायची आणि पाव किलोच्या पुड्या बांधून संकेश्वर, चिक्कोडी, गडहिंग्लजच्या बाजारात द्यायच्या, हा आमचा धंदा. बेळगाव जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत. त्यामुळं मी निर्यातीचं नाव काढलं, तेव्हा मामंजींचा पहिला प्रश्न होता, "पोरी, आपलं पीक नाही, मग आपण विकणार काय?"

उत्तर माझ्या मावसभावाकडून आलं. तो शारजात एका कॅफेटेरियात कामाला आहे. तिकडं करक चहा चालतो. डब्यातलं आटवलेलं दूध, वेलची आणि साखर घालून चहा मोठ्या भांड्यात उकळत ठेवतात. इतक्या दुधातून रंग आणि कडकपणा वर यायचा तर पूड बारीक, सीटीसीचीच, म्हणजे रुळांत पान चुरडून, फाडून दाणेदार केलेलीच हवी. पानाचा चहा तिथं काही कामाचा नाही. भाऊ म्हणाला, "ताई, आपल्या घरी आत्या करते ना, तसलाच कडक चहा इथं लोकांना लागतो." मिश्रण हीच आमच्या घराची तीन पिढ्यांची कमाई आहे, तेव्हा तेच विकायचं, असं मी मामंजींना सांगितलं.

बाजार निवडताना इराणचंही नाव निघालं. पण तिकडं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान वळून केलेला चहा लागतो आणि तो आमच्या हाताखालचा नाही. शिवाय पैसे यायची अडचण ऐकून होते. अमिरातीत चहा पिकत नाही. तिथं येणारा बराचसा चहा पुढं दुसऱ्या देशांत जातो. त्यासाठी दुबईत २००५ सालापासून जेबेल अलीला वेगळं टी सेंटरच आहे. भारताचा अमिरातीशी व्यापार करारही १ मे २०२२ पासून लागू आहे. स्पर्धा मात्र केनियाच्या सीटीसीशी, आणि तो चहा रंगाला चांगला असतो. ही गोष्ट मी मनाशी पक्की धरली आणि मगच पुढं गेले.

माझा पहिला बेत आमची पुडीच पाठवायचा होता. आमचं नाव, आमचं चित्र, सगळं तसंच. मग कळलं की किरकोळ पाकिटावर मजकूर अरबीतही लागतो, बनवल्याची आणि संपण्याची तारीख लागते आणि दुबईत लेबल आधी नगरपालिकेकडून तपासून घ्यावं लागतं. नव्या माणसानं पहिल्याच फेरीला हे अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं. मोठ्या कागदी पोत्यात सुटा माल द्यायचा असं ठरलं. नाव पोत्यावर असेल, पुडीवर नसेल. मामंजींना ते लागलं. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

कागदपत्रांत मी अडकले ती नावापाशी. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, घरबसल्या संगणकावर निघतो, फी ५०० रुपये. पण आमच्या बँकेच्या जुन्या कागदावर जिल्हा 'बेलगाम', जीएसटीत 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं. निपाणीचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एका 'पी'चं, दुसऱ्यावर दोन 'पी'चं. जागेचा उतारा कानडीत, त्यात मामंजींचं नाव आणखी तिसऱ्याच तऱ्हेनं. एका कार्यालयात मी चार खेपा घातल्या. दर खेपेला "नाळे बर्री", उद्या या. शेवटी मी सगळे कागद एका तक्त्यावर मांडले, कुठं काय लिहिलंय ते समोरासमोर लिहिलं आणि सगळीकडं जीएसटीप्रमाणेच करून घ्यायचं ठरवलं. आधी बँकेचं पत्र, मग बाकीचं. सीमाभागातल्या माणसानं निर्यातीचा विचार केला तर पहिलं काम हेच करावं. एक अक्षर वेगळं असलं तरी पुढचा माणूस कागद परत पाठवतो.

बाकीचं त्या मानानं सरळ गेलं. टी बोर्डाचा निर्यात परवाना, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, निर्यातीसाठी केंद्राचा परवाना, माल जाणार त्या बंदरासाठी एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे जिच्यात येणार त्या बँकेचा क्रमांक, आणि जीएसटी न भरता माल बाहेर पाठवता यावा म्हणून दरवर्षी भरायचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र. टी बोर्डाचं मुख्यालय कोलकात्याला असलं तरी दक्षिणेचं कार्यालय निलगिरीत कुन्नूरला आहे. माल बघायला मी तिकडं जाणारच होते, तेव्हा शंका तिथंच समोर बसून विचारून घेतल्या.

कुन्नूरच्या लिलावातून पहिली २४० किलो भुकटी आणली आणि इथं आमचा घात झाला. घर लहान पडतं म्हणून मी एक जुनी तंबाखूची वखार स्वस्तात भाड्यानं घेतली होती. झाडून, धुऊन, चुना मारून घेतली. मला काही वास येत नव्हता. निपाणीत वाढलेल्या नाकाला तंबाखूचा वास येतच नाही, हे तेव्हा कळलं नाही. शारजाच्या व्यापाऱ्याला नमुना गेला आणि त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: कपात तंबाखू लागतोय.

मामंजींनी त्याच दिवशी कप मांडले. चाखायची आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे, १०० मिलीलीटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं झाकण. घड्याळ लावून आम्ही तसंच केलं. वखारीतला एक कप आणि दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातला एक. मामंजींनी चमच्यातून आवाज करत घोट ओढला, तोंडात फिरवला, थुंकला आणि वखारीचा कप माझ्यापुढं सरकवला. मागून येणारी ती ओलसर, कडवट चव मला तेव्हा कळली. "चहा टीपकागद आहे," ते म्हणाले. "शेजारी जे असेल ते पितो." तो माल मी निर्यातीतून काढला, बाजारातही दिला नाही. खतात घातला. पैसे गेले त्याचं दुःख होतंच, पण लिलावात इतक्या निगुतीनं निवडलेला चहा माझ्या हातानं बिघडला, हे जास्त लागलं.

मग अक्कोळ रस्त्याला नवं पत्र्याचं शेड केलं, त्यात चहाशिवाय काही ठेवायचं नाही. लाकडी पॅलेट निर्यातीला चालतात, पण त्यावर आयएसपीएम १५ ची, म्हणजे लाकडातली कीड मारल्याची खूण हवी, आणि नव्या लाकडाला वास असतो. मी प्लॅस्टिकचे घेतले. पोत्याच्या आत ॲल्युमिनियमचं अस्तर. पावसाळ्यात दार उघडं राहू नये म्हणून दोन पडदे, कारण कारखान्यातून निघताना चहात ओल ३ टक्क्यांच्या आसपास असते आणि आपल्याकडची जुलैची हवा ती पाहता पाहता वाढवते. प्रत्येक पोतं भरताना भुकटीतून लोहचुंबक फिरवतो. सीटीसीचे रूळ झिजतात, त्याचा कीस चहात येतो. आपल्याकडं किलोला २५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पहिल्यांदा चुंबकावर आलेली ती काळी मिशी बघून माझी सासूबाईसुद्धा घाबरली. माल तपासायला पुण्याच्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत दिला, कीटकनाशकांच्या अंशासकट. दुसरा नमुना शारजात पसंत पडला. दर ठरला न्हावा शेवा बंदरापर्यंतचा, तीस टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची प्रत दाखवल्यावर.

एक टन मालाला वीस फुटी कंटेनर परवडत नाही, त्यात चहा दहा टनांच्या आसपास बसतो. म्हणजे दुसऱ्याच्या मालासोबत जायचं. सीएचएनं, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटानं सांगितलं, एका कंटेनरमध्ये जागा आहे, सोबत मसाले. मी लगेच नाही म्हटलं. कोल्हापूरचा गूळ सुचवला, त्यालाही मामंजींनी नकार दिला. गूळ उन्हात पाझरतो. तिसऱ्यांदा इचलकरंजीच्या कोऱ्या कापडाच्या गाठींचं नाव आलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामंजी इचलकरंजीला गेलो. मागाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. मामंजींनी सरळ एका गाठीला नाक लावलं. खळीचा थोडा वास होता. त्या मालकांनी काही न विचारता हातभर कापड कापून दिलं. रात्री आमच्या चहाच्या वाटीभोवती ते कापड गुंडाळून पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलं. पहाटे मामंजी माझ्याआधी उठून पाणी ठेवून बसले होते. सहा मिनिटं झाली, त्यांनी घोट ओढला, परत ओढला आणि या खेपेला थुंकला नाही, गिळला. आठ वाजता मी सीएचएला फोन करून एक टनाची जागा धरायला सांगितली.