छप्पन्न सेकंदांची मटकी

जानेवारीत नाशिकमध्ये मटकीला मोड आणणं हे धीराचं काम आहे. निफाडकडे पारा घसरतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि आमच्या पंचवटीतल्या स्वयंपाकघरात ओल्या पंच्यात बांधलेली मटकी दुसऱ्या दिवशीही ढिम्म. मग आई ते गाठोडं पिठाच्या डब्यात ठेवते, वर जुनी शाल टाकते. कुणी डोकावायला गेलं की ओरडा ठरलेला : "सारखं उघडून बघू नका. मोड यायचे नाहीत."

यंदा भाचीने या नियमाला सुरुंग लावला. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला मोड येताना दाखवायचे होते. मटकी पंच्यातून बाहेर आली आणि काचेच्या बशीत, ओल्या कापसावर जाऊन बसली. दोन डब्यांना टेकवून, रबरबँडने आवळून फोन उभा केला. दर दोन मिनिटांनी एक फोटो. आई दारातूनच म्हणाली, "उघड्यावर? या थंडीत?" आणि देवपूजेला निघून गेली.

पहिली रात्र वाया गेली, कारण अकरा वाजता कुणीतरी सवयीने ओट्यावरचा दिवा घालवला. (मीच.) दुसऱ्या खेपेला मध्येच भाचीच्या मैत्रिणीचा फोन आला, यंत्र थरथरलं, घसरलं, आणि पुढचे दोनशे फोटो मिसळणाच्या डब्याचे निघाले. तिसऱ्यांदा जमलं. ३० तास, ९०० फोटो. सेकंदाला २४ या हिशेबाने साडेसदतीस सेकंदांची फिल्म.

ती मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही. सुरुवातीला मटकी पाणी पिते आणि आधी चक्क सुरकुतते. साल दाण्याच्या आधी फुगते, म्हणून. मग दाणे भरतात, एकमेकांना कोपरं मारतात, रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी गर्दी हलते तसे सगळे मिळून इंचभर सरकतात. मग एकाचं साल तडकतं. पांढरं टोक बाहेर येतं. आपण त्याला मोड म्हणतो, पण ते मूळ असतं, आणि त्याला खाली जायचं असतं. आडवं पडलेलं असलं तरी ते चाचपडत, डोकं हलवत वळतं आणि कापसात घुसतं. पन्नास वर्षं मी ही उसळ खाते आहे. तिच्यात एवढी घाई असेल असं कधी वाटलं नव्हतं.

हे चाचपडणं डार्विनने कॅमेऱ्याशिवाय टिपलं होतं. रोपासमोर काच धरायची, शेंड्याची जागा काचेवर ठिपक्याने नोंदवायची, काही वेळाने पुन्हा ठिपका, आणि शेवटी ठिपके जोडायचे. मुलगा फ्रान्सिस मदतीला. वनस्पतींच्या हालचालींवरचं डार्विनचं पुस्तक १८८० सालचं. त्या काचांवरच्या रेघा पाहिल्या की रांगोळीच वाटते, फक्त ठिपक्यांची मांडणी रोपाने ठरवलेली.

खरी पंचाईत प्रदर्शनाच्या फॉर्मने केली. 'कला, विज्ञान, तंत्रज्ञान : यांपैकी एकावर खूण करा.' भाची पेन घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, हे काय धरायचं?"

असल्या चौकटींवर माझा राग जुना आहे. दहावीनंतर मी आर्ट्सला गेले तेव्हापासून आमच्याकडे फ्यूज गेला तरी कुणी मला विचारत नाही. तर मी तिला म्हटलं, आपल्या सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांनी कशावर खूण केली असती सांग.

फाळके म्हणजे आम्हा नाशिककरांना पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक. शाळेची सहल, कारंजं, बागेत बसून खाल्लेला डबा. त्या माणसाचं काम नीट कळायला मला चाळिशी उलटावी लागली. जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईला जे. जे.त चित्रकलेचं, मग बडोद्याच्या कलाभवनात. पुढे फोटोग्राफी, शिळाछाप, स्वतःचा छापखाना. मध्येच जादूचे प्रयोग, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटं वाचा. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, पण सिनेमाला पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला, आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म फिरवत राहिले. तयार झाला तो मिनिटाभराचा वाटाणा. दाणा फुटतो, कोंब येतो, बघता बघता वेल. तो पाहून लोकांनी कर्ज दिलं. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. हरिश्चंद्राने राज्य स्वप्नात दिलं ते नंतर. त्याच्या सिनेमाला आधी एका वाटाण्याने जामीन दिला.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? फिल्मला कडेची भोकं अंधारात बसून त्या पाडायच्या, फिल्म धुवायला हात लावायच्या, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायच्या, दागिने मोडायला दिले, आणि वर अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक. त्यांच्यासाठी त्या फॉर्मवर चौकटच नाही. मला तर वाटतं, रात्री अंधारात बोटांनी भोकांचं अंतर चाचपणारी ती बाई त्या घरातली सगळ्यात मोठी तंत्रज्ञ असेल.

भाची म्हणाली, "पण हे सगळं घरातच?"

घरातच की. आईचं पायाचं शिलाई मशीन खोलीत आहे ना? सुई खाली असते तेव्हा कापड थांबतं, सुई वर गेली की खालचे दाते ते पुढे ढकलतात. थांब, सरक, थांब, सरक. फ्रान्सच्या लुमिएर बंधूंना १८९५ च्या त्यांच्या सिनेमाच्या यंत्रात फिल्मला हेच करायला लावायचं होतं : भिंगासमोर क्षणभर थांब, मग सरक. त्यांना तोड सापडली ती शिलाई मशीनच्या याच चालीवरून. जुलै १८९६ मध्ये त्यांची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांना आपण घरातल्या मशीनचीच चाल बघतोय हे कुठून कळणार!

याहून मला आवडते ती मोहरीची गोष्ट. फिल्मवर चांदीचे क्षार धरून ठेवायला जिलेटिन लागतं, आणि ते गुरांच्या कातडी-हाडांपासून करतात. काही जिलेटिनची फिल्म उजेडाला झटकन प्रतिसाद द्यायची, काहीची फारच मंदपणे. कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्डने १९२५ च्या सुमाराला कारण शोधलं : जिलेटिनमधले गंधकाचे अगदी किंचित अंश. मोहरीला तिखट करणारं तेल त्याच जातीचं. गुरांनी मोहरीसारखा पाला खाल्ला की तो अंश जिलेटिनपर्यंत पोचायचा. म्हणजे रुपेरी पडद्यावर पऱ्या नाचल्या त्यात थोडी फोडणीही होती.

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच मोहरी एवढी महाग झाली."

संध्याकाळी आम्ही फिल्म पुन्हा लावली, या वेळी मूकपटांच्या काळासारखी, सेकंदाला १६ च्या चालीने. ९०० फोटो, छप्पन्न सेकंद. आईला चष्मा लावून समोर बसवलं. मला वाटलं, आता ती हरखून जाईल. ती काहीच बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लाव." पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा तिने बोट पुढे केलं, "इथं थांबव."

भाचीने थांबवली. साधारण चाळिसाव्या सेकंदाला.

"ही वरची ओळ बघ. मुळं निघाली आणि वाकडी होऊन सुकली. रात्री पाण्याचा हबका मारायला हवा होता. कापूस कोरडा पडलाय."

भाचीने स्क्रीन मोठी करून पाहिलं. खरंच, काठावरची सहा-सात मुळं तपकिरी झाली होती. आमच्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे, कोराच. बशीतल्या मटकीचे मोड फार लांबले होते, तरी आईने तिची उसळ केली, फोडणीत मोहरी नेहमीपेक्षा जरा जास्त. आणि नवी मटकी भिजत घातली. या वेळी बशीशेजारी पाण्याचा तांब्या आहे, आणि रात्री दर तीन तासांनी उठायचं कोणी, यावर भाची आणि आजीची बोलणी चालू आहेत.