अडतीस हजार चारशे

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब सांभाळतो. २०२४ च्या मार्चचा शेवटचा आठवडा. ऑडिटरनं ताकीद दिली होती की सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत टळलेली बिलं ३१ तारखेच्या आत चुकती करा, नाहीतर तो खर्च यंदा आयकरात धरता येणार नाही. तसं सांगणारं आयकर कायद्याचं कलम ४३बी (एच) त्याच वर्षापासून लागू झालं होतं. मुदत मात्र जुनीच, लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातली: लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी जास्तीत जास्त ४५.

थकबाकीच्या यादीत एक मावशी होत्या. घरातच चार मशिनं टाकून आमच्या भट्टीवरच्या कामगारांचे एप्रन आणि कॅनव्हासचे हातमोजे शिवून देतात. येणं ३८,४०० रुपये, चार महिन्यांचं. आमच्या उलाढालीत ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

मावशी दुपारी येणार होत्या. त्याआधी खरेदी विभागातून निरोप आला, "त्यांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगा, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडे देऊ." उद्यम म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी. ती नसली की कलमाची कटकट नाही, असा हिशेब. मावशी नुसती खरेदी-विक्री करत असत्या तर हे कलम लागलंच नसतं. पण त्या स्वतः शिवतात.

निरोप मलाच सांगायचा होता. सांगितला. मावशींनी पिशवीतून घडी घातलेला नोंदणीचा कागद काढला.

"पोरीनं मोबाईलवर काढून दिलंय, साहेब. एक रुपया लागला नाही. हे माझ्याजवळ राहिलं तर तुमचं काय बिघडतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी विचारलं, चार महिने कसे काढलेत?

"कापडवाला रोख घेतो. दोघी हाताखाली आहेत, त्यांचा शनिवारी हिशेब. तीस हजार उचलले एकाकडनं, महिना शेकडा तीननं. जीएसटी पण भरून बसलोय."

ही शेवटची गोष्ट मला जास्त लागली. एवढ्या छोट्या धंद्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नव्हती. आम्हाला तसं बिल हवं होतं म्हणून त्यांनी ती केली. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. आणि त्याच कराची वजावट आम्ही कधीच घेऊन मोकळे झालो होतो.

त्या बाहेर बसल्या आणि मी कागदावर आकडे मांडले. आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडची उचल, १० टक्क्यांचं. ३८,४०० रुपये चार महिने अडकवून आमचं व्याज वाचलं १,२८०. तीस हजारांवर शेकडा तीननं मावशींनी भरले ३,६००. तो कागद घेऊन मी मालकांकडे गेलो. माणूस वाईट नाही. आसपासच्या छोट्या कारखानदारांकडून आपण माल घेतो, हे ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. तो माल कुणाच्या पैशांनी येतो, हे त्यांच्यापुढे कुणी मांडलंच नव्हतं. मीही नाही. नऊ वर्षं या खुर्चीत आहे, लहान पार्ट्यांची बिलं तळाला सारायची सवय माझीच.

संध्याकाळच्या आत पैसे गेले. नोंदणीचा विषय मालकांनी तिथंच संपवला.

कायद्यानं उशिरावर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याजही द्यावं लागतं. मावशींनी ते मागितलं नाही आणि आम्ही दिलं नाही, हे मला अजून सलतं. तक्रारीसाठी सरकारचं पोर्टल आहे. पण ज्या एका कारखान्यावर चार मशिनं चालतात, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करेल?

आता आमच्याकडे अशा सतरा पार्ट्यांची यादी वेगळी ठेवली आहे. माल तपासून झाला की बिल माझ्या टेबलावर येतं, आणि दर शुक्रवारी आधी त्यांचे पैसे सुटतात. बँकेत शिल्लक कमी असेल तर मोठे थांबतात.

एप्रिलमध्ये मावशींचं नवं बिल आलं. उद्यम नंबर आधी कोपऱ्यात बारीक पेनानं लिहिलेला असायचा. आता त्याचा रबरी शिक्का करून घेतला होता. नावाच्या खालोखाल, तांबड्या शाईत.