बेटावरचा रस्ता आणि झुडपी जंगलाचा नकाशा : माझा अनुभव

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या पात्रातील एका लहान बेटावर आहे. नदीचा मोठा प्रवाह पूर्वेकडून जातो, धाकटा फाटा पश्चिमेकडून. उन्हाळ्यात या फाट्यातील रेतीवरून बैलगाडी निघते, पावसाळ्यात मात्र डोंग्याशिवाय मार्ग नसतो. त्यामुळे फाट्यावर नळकांड्यांचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आणि तेथून बेटाच्या उत्तर टोकापर्यंत भराव टाकून पक्का रस्ता, असा प्रस्ताव आला तेव्हा गावात त्याला विरोध करणारे कोणी नव्हते. माझाही नव्हता आणि आजही नाही. बाळंतपणाच्या वेळी डोंग्यातून नेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. परंतु चारही बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर भरावाचा रस्ता म्हणजे पुराच्या वाटेत घातलेला बांध असतो, आणि तो घालण्यापूर्वी त्याचा परिणाम कोणीतरी तपासला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते.

तो तपासण्याची सक्ती कायद्याने कोणावरही नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना रस्त्यांपैकी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा विचार करते. गावरस्त्याला पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. म्हणून ग्रामसभेने हे काम जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे सोपवले. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने अशी समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. आमच्याकडे ती होती, लोकजैवविविधता नोंदवहीही तयार होती आणि मी समितीची सदस्य होते. झाडांची मोजणी, पक्ष्यांच्या नोंदी, मच्छीमारांशी बोलणे ही सर्व कामे सुरळीत झाली. काम अडले ते एका नकाशापाशी, आणि या लेखाचे मुख्य कारण तो नकाशाच आहे.

प्रस्तावित रस्त्याचा मोठा भाग ज्या पट्ट्यातून जात होता, त्याची महसुली दप्तरी नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांबाहेरच्या वाचकाला ही नोंद कदाचित ठाऊक नसेल. ही जमीन महसूल खात्याच्या कागदावर असते, गावाची गुरे तिच्यावर चरतात आणि अनेक ठिकाणी तिच्यावर शाळा, स्मशानभूमी आणि घरेही उभी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी निकाल दिला की, न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार झुडपी जंगलाच्या जमिनी वनच समजल्या पाहिजेत. त्यामुळे ‘नोंद महसुली आहे, काळजी करू नका’ हे जे उत्तर आम्हांला सुरुवातीला मिळत होते, ते पुरेसे राहिले नाही.

आता पट्ट्याच्या लांबीला एवढे महत्त्व का, ते सांगते. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी वनजमीन देता येते. मात्र प्रत्येक प्रकरणात ती एक हेक्टरपेक्षा कमी असावी लागते, दर हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. या तरतुदीत निर्णय विभागीय वनाधिकाऱ्याच्या पातळीवर होतो. ही मर्यादा ओलांडली की 1980 च्या वन संवर्धन कायद्याखालचा लांबचा मार्ग धरावा लागतो. आमच्या रस्त्याची भरावासह रुंदी 7.5 मीटर धरलेली होती. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. तेव्हा झुडपी पट्ट्यातील रस्त्याची लांबी सुमारे 1,333 मीटरच्या आत राहिली तरच जवळचा मार्ग मोकळा होता. पट्टा नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे सातबाऱ्यावरून कळत नाही. ते मूळ नकाशावरूनच कळते.

हा नकाशा ज्या कार्यालयात होता, तेथील वागणुकीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पहिल्यांदा मला सांगण्यात आले की अर्जात गट क्रमांक लिहिला आहे, तेथे जुना खसरा क्रमांक हवा. तो पटवाऱ्याकडून आणून दिल्यावर नकाशा जीर्ण असल्याने त्याची नक्कल देता येत नाही असे उत्तर आले. मग तो स्कॅन करण्यासाठी बाहेर गेला असल्याचे कळले, आणि त्यानंतर दुसऱ्या टेबलावरच्या बाबूंनी तो कपाटातच असल्याचे, परंतु कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याकडे असल्याचे सांगितले. यातील कोणतेही उत्तर लेखी नव्हते. प्रत्येक वेळी फाटा ओलांडून, पुढे एसटीने तालुक्याला जाऊन, दुपारी साहेब मीटिंगला गेल्याचे ऐकून परत यायचे, असा तो क्रम होता. शेतीची कामे सोडून आलेल्या माणसाचा दिवस कसा वाया जातो, याची त्या खोलीत कोणाला जाणीव असेल असे वाटत नव्हते.

मला सर्वांत जास्त लागले ते एक वाक्य. तेथील एक कर्मचारी शांतपणे म्हणाले, “ताई, झुडपीत असतेच काय? काट्याकुट्या. त्यावर कसला परिणाम मोजता?” मी त्यांना त्याच टेबलापाशी उभी राहून सांगितले, आणि येथेही लिहिते. आमच्या पट्ट्यात बोर, पळस, शिंदी आणि बाभूळ आहे, काठाच्या बाजूला जुने अर्जुन आहेत आणि मध्ये मोहाची झाडे आहेत, ज्यांची फुले वेचून काही घरांचा उन्हाळा निघतो. तित्तर आणि ससे तेथेच राहतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा पट्टा बेटावरची सर्वांत उंच जमीन आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेले पाणी वैनगंगेला आले, खाली गोसेखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले, त्या पुरात गावातील गुरे याच काट्याकुट्यांत उभी राहून वाचली. त्या जमिनीच्या मधोमध भराव घालून तिचे दोन तुकडे करायचे असतील, तर त्याचा परिणाम मोजावाच लागतो.

मार्ग निघाला तो माहितीच्या अधिकारातून, पण नक्कल मागून नाही. नक्कल मागणारा अर्ज केला की ‘अभिलेख जीर्ण’ हे उत्तर तीस दिवसांच्या शेवटी पुन्हा येऊ शकते. 2005 च्या कायद्यात अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि त्यावरून टिपणे घेण्याचाही अधिकार आहे. एका निवृत्त ग्रामसेवक भाऊंनी ही गोष्ट लक्षात आणून दिली आणि मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून फक्त पाहणीचा अर्ज दिला. जीर्ण नकाशाची नक्कल नाकारता येते, परंतु तो दाखवता येत नाही असे लेखी देणे कठीण असते. पाहणीची तारीख मिळाली. ज्यांना अशा जुन्या कागदाची गरज आहे, त्यांनी सुरुवातच पाहणीच्या अर्जाने करावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि तोंडी मिळालेले प्रत्येक उत्तर त्याच दिवशी पत्र लिहून त्या कार्यालयाला कळवावे. असे पत्र पोहोचले की पुढचे उत्तर बदलते, हा माझा अनुभव आहे.

नकाशा कापडावर चिकटवलेला होता, घडीच्या रेषांवर फाटलेला, पण शाईच्या रेषा स्वच्छ होत्या. झुडपी पट्ट्याची हद्द, तिच्या बाजूने गेलेली जुनी पांदण आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, त्यावर ठळक दिसत होत्या. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नकाशातील बेटाचे उत्तर टोक आज जेथे आहे त्याच्या बरेच पुढे होते. तो भाग नदीने कापून नेला आहे आणि तेवढीच नवी मळई दक्षिणेला साचली आहे. प्रस्तावातील रस्त्याचे शेवटचे टोक, ज्याला कागदावर पक्की जमीन म्हटले होते, ते दरवर्षी ढासळणाऱ्या काठावर येत होते. कार्यालयात बसून जुन्या नकाशावर रेघ ओढली की असे होते. मी मोबाईलने छायाचित्रे घेण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, म्हणून ट्रेसिंग कागद ठेवून हद्द पेन्सिलीने उतरवून घेतली. टिपणे घेण्याचा अधिकार कायद्यातच असल्याने त्याला कोणी हरकत घेऊ शकले नाही. पाहणीला जाताना ट्रेसिंग कागद, पट्टी आणि सोबत एक माणूस अवश्य न्यावा.

त्या उतरवलेल्या रेषेवरून जागेवर मोजले, तेव्हा मूळ आखणी मर्यादेच्या बाहेर जात होती. तीच आखणी जुन्या पांदणीवर सरकवली तर झुडपीतील लांबी मर्यादेत येत होती, अर्जुनाची रांग वाचत होती आणि मातीही मुळातच गाड्यांनी दबलेली असल्याने भराव कमी लागणार होता. ही दुसरी आखणी आम्ही ग्रामसभेपुढे ठेवली आणि तीच मंजूर झाली. नकाशा मिळायला एवढा काळ लागला नसता, तर हा बदल अंदाजपत्रक होण्याआधीच करता आला असता.

पुराच्या पातळीबाबत कोणत्याही कार्यालयाची वाट पाहण्याची गरज पडली नाही. 2020 च्या पुराची खूण शाळेच्या भिंतीवर आणि वरच्या अंगाच्या देवळाच्या ओट्यावर अजून आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून, एक टोक खुणेला आणि दुसरे टोक पुढच्या बांबूला धरून, टप्प्याटप्प्याने ती पातळी आम्ही रपट्याच्या जागेपर्यंत नेली. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन्ही टोके एकत्र आणून पाणी सारखे उभे राहते का ते पाहावे लागते. खुणा मात्र एकाच ठिकाणच्या घेऊ नयेत, कारण नदीला उतार असतो. त्या बांबूवरून दिसले की प्रस्तावातील भराव पुराच्या पाण्यात बुडत नाही. म्हणजे तो पाणी अडवणार, आणि फुगवटा थेट ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, वस्तीकडे सरकणार. त्या वस्तीतील एका वृद्ध बाबांनी बांबूकडे पाहून, “एवढं पानी आमच्या दारात उभं राहीन,” एवढेच म्हटले. म्हणून भराव सलग न घालता मध्ये दोन ठिकाणी रस्ता जमिनीच्या पातळीवर ठेवून पाणी वरून जाऊ द्यावे, अशी अट ठरावात घातली.

झाडे मोजताना घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घ्यावा, वनखाते तोच धरते. रेतीवरच्या पक्ष्यांची पाहणी मार्च ते मे या काळातच करावी, कारण टिटवी आणि नदी सुरय यांची अंडी तेव्हा उघड्या रेतीवर असतात आणि रपट्याचे कामही नेमके त्याच दिवसांत चालते. अंडी कोठे आहेत हे डांगरवाडी, म्हणजे रेतीतली टरबूज-खरबुजाची वाडी, लावणाऱ्यांना अचूक माहीत असते. त्यांना सोबत घेतल्याशिवाय ती दिसत नाहीत. बेटावरून मुरूम काढू द्यायचा नाही, हे आम्ही लिहून घेतले, पण बाहेरून येणाऱ्या मुरुमाबरोबर गाजरगवत येते. त्यामुळे मुरूम कोणत्या खाणीतून येणार ते आधी पाहणे आणि पहिल्या पावसानंतर कडेचे गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वी उपटणे ही जबाबदारी कंत्राटदारावर टाकली.

एक मुद्दा कोणत्याही नमुन्यात विचारलेला नसतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. रपटा झाला की बारमाही वाट होते, आणि बारमाही वाट झाली की रेतीचे ट्रॅक्टर आणि टिप्पर येतात. आमचे बेट रेतीवरच टिकून आहे. रस्त्याच्या भरावाने जेवढे नुकसान होईल त्याच्या कितीतरी पट नुकसान या वाहनांनी होईल, म्हणून रपट्याच्या दोन्ही टोकांना उंचीरोधक कमान आणि ग्रामपंचायतीचे फाटक असावे, रुग्णवाहिका व एसटी गेली पाहिजे एवढी उंची मात्र राहावी, असे आम्ही अहवालात लिहिले.

ग्रामसभेच्या ठरावाला किमान निम्मे सदस्य हजर लागतात. रोवणीच्या दिवसांत ही सभा ठेवू नये. धानाच्या बांधीतून चिखलाचे पाय घेऊन कोणी येत नाही. आम्ही ती कापणीनंतर ठेवली, बायकांनी भरलेल्या हजेरीपटामुळे गणपूर्ती सहज झाली आणि वनजमीन मागण्याचा अर्ज, म्हणजे ‘नमुना अ’, शिफारशीसह वनविभागाकडे गेला.

एक मागणी अजून मान्य झालेली नाही. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे धाकट्या फाट्यातून वर जातात. रपट्याची नळकांडी पात्राच्या तळापेक्षा उंच बसली की खालच्या अंगाला पाणी उंचावरून पडते आणि मासा तेथेच अडतो. नळकांडी तळाच्या खाली बसवावी किंवा त्यांऐवजी पेटीच्या आकाराचा पूल करावा, असे आम्ही सुचवले होते. त्यावर ‘खर्च वाढतो’ असे तोंडी उत्तर आले. किती वाढतो याचा हिशेब आम्ही लेखी मागितला आहे आणि त्या पत्रावरही पोच घेतली आहे.