आता नळ आलेत, तरी मी महाडला का जाते

मार्च उजाडला की कुणी ना कुणी विचारतंच, "आता घरोघर नळ आलेत, विहिरी सगळ्यांना मोकळ्या आहेत, मग अजून महाडला कशाला जाता?" विचारणारी माणसं वाईट नसतात. पण "श्रद्धा असते एकेकाची" म्हणून विषय बदलायचा मला आता कंटाळा आलाय.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आधीचं कुणी विचारत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, कागदावर. बाबासाहेब ते पाणी प्याले तेव्हा मिळालेलाच हक्क वापरत होते. तरी परिषदेला आलेल्या लोकांना मारहाण झाली, पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं आणि नगरपालिकेने ठराव फिरवला. तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात. एका मे महिन्यात बौद्धवाडीच्या विहिरीने तळ गाठला, तेव्हा आईबरोबर मी वरच्या वाडीच्या विहिरीवर गेले. काठाच्या दगडाला दोराने पडलेल्या खाचा होत्या. मी पोहऱ्याला हात घालणार, तेवढ्यात तिथली एक म्हातारी म्हणाली, "थांब गं पोरी, मी देते शेंदून." आईने माझा हात मागे ओढला आणि कळशी खालच्या पायरीवर ठेवली. म्हातारीने वरून पाणी ओतलं. पोहरा कळशीला लागू नये म्हणून इतका उंच धरला होता की निम्मं पाणी आईच्या पायांवर सांडत होतं. कळशी भरेना. आई ओल्या लुगड्यानिशी तशीच उभी. शेवटी अर्ध्या कळशीवरच ती म्हणाली, "पुरे, काकी."

कॉलेजात असताना मी मुंबईच्या मैत्रिणींना ठणकावून सांगायची, "आमच्या कोकणात तसलं काही नाही." माझ्यातली ती कॉलेजातली मुलगी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, कुणी अडवलं? कुणी शिवी दिली? पाणी दिलंच ना? हीच म्हातारी आपल्याला फणस द्यायची. द्यायची, खरं आहे. मग मी तिला विचारते, पोहरा एवढा उंच का? तिला उत्तर देता येत नाही, आणि म्हातारीच्या मनात काय होतं ते मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला बाबासाहेब म्हणाले होते की या पाण्याने आपण अमर होणार नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला आपण तळ्यावर जातोय. आमच्या गावात ते ठरलं कधी? नळ आले आणि त्या विहिरीवर जायचं कामच उरलं नाही. दोन्ही वाड्यांच्या बायकांनी एका काठावर उभं राहून आपापला पोहरा सोडायचा, ती वेळ आलीच नाही. मग सगळं बदललंय हे तुम्ही कशावरून म्हणता? मी तरी येत्या २० मार्चलाही जाणार आहे.