ताडोबात कोळसुंदे (रानकुत्रे) पाहायचे असतील तर

आधी गाइडशी बोला. गेटवरच सांगून टाका, की वाघामागे धावायचं नाही, कोळसुंदे दिसले तर तिथेच थांबायचं. नाहीतर कुठे चितळाने धोक्याचा कॉल दिला की गाडी तिकडे सुसाट, आणि पाणवठ्यावरची टोळी राहते मागे. आमच्या गाइडला हे ऐकून हसू आलं, पण त्याने मनावर घेतलं.

आम्ही मे महिन्यात मोहर्ली गेटने सकाळच्या फेरीला गेलो. तळ्याच्या अलीकडे टोळीने नुकतंच चितळ पाडलं होतं. अंग तांबूस, शेपटीचा झुपका काळा, आणि भुंकणं अजिबात नाही. मधूनच एक बारीक शीळ. पांगलेली टोळी याच शिळेवर एकत्र येते. कोळसुंदे वाघबिबट्यासारखा गळा धरत नाहीत. पळत्या जनावराला मागून, कुशीतून फाडतात. बघवत नाही खरं, पण मिनिटांत काम उरकतं.

खरी मजा पुढे. पाच-सहा महिन्यांची पिल्लं मांसावर तुटून पडली आणि मोठे बाजूला उभे राहिले, एक तर आमच्याकडेच पाहत. पोट भरलेलं एक पिल्लू आतड्याचा तुकडा ओढत निघालं, तर दुसऱ्याने मागचं टोक धरलं. मोठ्यांची पाळी त्यानंतर. नर भरला तर 15-20 किलोचा, पण टोळी जमली की सांबरालाही सोडत नाही.

बहुतेक वेळा टोळीत एकाच जोडीला पिल्लं होतात. गर्भ साधारण 60-63 दिवसांचा, पिल्लं नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. मादी बिळात असताना बाकीचे शिकारीवरून येऊन तिच्यासाठी आणि पिल्लांसाठी खाल्लेलं मांस ओकतात. म्हणून थंडीत टोळी एकाच भागात घुटमळते आणि शोधायला सोपी जाते. पण बीळ दाखवा म्हणून गाइडच्या मागे लागू नका. माणसांचा त्रास झाला तर टोळी पिल्लं दुसरीकडे हलवते.

झुडपावर मुतून सावजाला आंधळं करतात, ही गोष्ट तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल. ऐका आणि सोडून द्या. याच जनावराच्या मुंडक्यावर एकेकाळी सरकार बक्षीस देत होतं. आज बंदूक नाही, पण गावकुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपर आणि रेबीज अख्खी टोळी संपवू शकतो. रिसॉर्टबाहेरच्या कुत्र्यांना उरलंसुरलं टाकून जंगलाच्या कडेला गोळा करू नका.

मंगळवारी पार्क बंद, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभाही बंद. बुकिंग ऑनलाइन, ज्या ओळखपत्रावर केलं तेच मूळ सोबत हवं. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही, तेव्हा कॅमेरा आणि दुर्बीण घ्या. नागपूरहून गाडीने तीनेक तास, चंद्रपूर स्टेशनहून मोहर्ली तासाभरावर. उन्हाळ्यात सकाळचीच फेरी घ्या. कोळसुंदे दिवसाउजेडी शिकार करतात खरे, पण ऊन चढलं की बांबूखाली आडवे होतात, आणि वाळक्या पानांत पडलेला कोळसुंदा दहा फुटांवरूनही डोळ्याला लागत नाही.